पट्ट्यासारखी वार

नदीकाठच्या तेफे गावाच्या धक्क्यावर एरास्मो हा कोळी आणि त्याची सुईण बायको इरासिल्दा प्राणी-दवाखान्याच्या बोटीची वाट बघत माझ्या शेजारी बसली होती. पुढ्यातल्या टबात मॅनाटीचं, म्हणजे पाणगाईचं, पिल्लू होतं; इरासिल्दा लोट्याने त्याच्यावर पाणी ओतत होती.

“तीस वर्षं भाला चालवताय, आणि पोटुशी मादी ओळखता येत नाही?”

“पुरात गवत खाऊन सगळ्याच फुगतात. वरून काय कळणार?”

“घरात सुईण होती. विचारायचंत.”

“चिरल्यावर तुलाच हाक मारली ना?”

“मारलीत, आणि स्वतः पाठ फिरवलीत. बाईची वार कसावा कंदाच्या भाकरीसारखी गोल असते. हिची पिलाच्या पिशवीभोवती रुंद पट्ट्यासारखी गुंडाळलेली.”

“आपल्या तळ्यात पुन्हा होईल एखादं.”

“कुणाला? हीच एक मादी उरली होती. वर्षभर पोटात, दोन वर्षं अंगावर, आणि एका वेळी एकच.”

“बरं, आता तो लोटा ठेव.”

“का?”

“मघाशीच गेलंय ते. नाकपुड्या उघडत नाहीत.”

“दिसतंय मला.”

“मग ऊठ, घरी जाऊ. बोट आली की विचारतील, शिकारीला बंदी असताना भाला कुणाचा.”

“म्हणूनच बसलेय.”

तिने पुन्हा लोटा भरला.