कागदाची पूजा

माझ्या सासूबाई नेहमी म्हणायच्या, "अगं, सही मुहूर्त बघून करू नये, वाचून करावी!" मी बी.कॉम. झालेली! मनात म्हणायचे, यांना काय कळतंय कागदातलं? हसून सोडून दिलं. आता नाही हसू येत.

मंडळी, मला सांगा — ज्याच्यावर आपला विश्वास, त्याचा कागद वाचायला मागणं हा त्याचा अपमान आहे का? नुसत्या माना नका हलवू! हो की नाही? ... बघा, निम्मे 'हो' म्हणाले. मग ऐका!

बार्शीत वृंदा गरड म्हणून एक बाई. नवरा भारत, लांब पल्ल्याच्या ट्रकवर ड्रायव्हर. पोरगा मल्हार, तीन वर्षांचा. गुटगुटीत, खोडकर — पण हाक मारली तर वळायचा नाही! स्वयंपाकघरात परात पडली, शेजारीण दचकली, हा आपला खेळतोय! पुण्याच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "कानात यंत्र बसवू. मग इथंच राहून रोज बोलायला शिकवायचं. पण लवकर करा. वय वाढलं की भाषा रुजणं अवघड."

लवकर! हा शब्द आईच्या काळजात कसा रुततो, ते आयांनाच विचारा. — अगं ए, समईपाशी जाऊ नकोस! ... माफ करा मंडळी, पोरगी माझीच आहे.

यंत्राला पैसा, पुण्यात राहायला पैसा! तर वृंदानं ठरवलं — घर विकायचं. एजंट कोण? मुरलीअण्णा काटकर! भजनी मंडळात पुढं बसून टाळ वाजवणारे. वृंदाच्या हातचा चहा पिणारे. आले अक्षय्य तृतीयेला, नारळ घेऊन! घर विकून द्यायच्या कराराचा कागद पाटावर ठेवला, हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं.

वृंदा म्हणाली, "अण्णा, जरा वाचते."

"वाचा की वहिनी! तुमचंच आहे. पण मुहूर्त टळतोय हो... आणि माझ्यावर भरवसा नाही होय?"

मेली लाजून! नवऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "अण्णा आहेत ना? मग कर सही." कडेवर पोरगं, हातात पेन — केली सही.

मंडळी, आपण पोथी लाल कपड्यात बांधतो, फूल वाहतो, आणि उघडत नाही! तशी तिनं कागदाची पूजा केली. कागद वाचला नाही!

महिन्याभरात मागच्या गल्लीतले शिंगाडे मास्तर आले. "वृंदाताई, घर पसंत आहे. भावही तुमचाच." बाईनं देवापुढं साखर ठेवली! अण्णांना सांगितलं. अण्णांनी कागद उलगडला आणि बोट ठेवलं. वर्षभर हे घर फक्त अण्णांनीच विकायचं. दुसरा एजंट नाही. मालकिणीनं स्वतः गिऱ्हाईक आणलं, तरी अण्णांची दलाली द्यायचीच!

"बरं, घ्या तुमची दलाली. पण व्यवहार होऊ द्या!"

"मास्तरांकडूनही घेणार की. लिहिलंय वहिनी, दोन्हीकडून!"

मास्तर साधा माणूस. म्हणाले, "मला ही भानगड नको." दुसरीकडं घर घेतलं. संपलं!

मग अण्णा गिऱ्हाईकच आणीनात. विचारलं की, "बाजार थंड आहे." बाजार थंड, आणि पोरगं वाढतंय! नवी चप्पल लागली, सदरा आखूड झाला. इतर आया त्या दिवशी खूश होतात हो! ही माप घेताना रडायची.

वर्ष सरलं. वृंदा म्हणाली, "सुटले!" अण्णा म्हणाले, "कुठं वहिनी? मुदत संपायच्या महिनाभर आधी लेखी कळवायचं होतं. नाही कळवलं, की आपोआप आणखी एक वर्ष."

वकिलाकडं गेली. ते म्हणाले, "भांडता येईल, बाई. तारखा पडतील." मंडळी, कोर्टाची तारीख आणि लेकराचं वय — धावण्यात कोण पुढं जाणार?

शेवटी गिऱ्हाईक आलं. कोण? अण्णांचा मेहुणा! भाव पडलेला. वृंदानं दिलं घर. यावेळी कागद वाचला, शब्द न् शब्द. पण आता वाचून काय करणार होती?

यंत्र बसलं. मल्हारला ऐकू येतं आता. परात पडली की दचकतो! पण बोल... डॉक्टरबाई म्हणाल्या, "प्रयत्न करू." वृंदा रोज समोर बसते, त्याचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवते, म्हणते, "आ... ई." तो तोंडाकडं टक लावून बघतो. हसतो. शब्द येत नाही.

तुम्ही म्हणाल, अण्णा वाईट. असेल! पण ते कलम अण्णांनी लपवलं नव्हतं हो. फुलाखाली होतं. फूल उचलायचं होतं फक्त! "मुदत किती? मधेच सोडायचं झालं तर कसं? मी गिऱ्हाईक आणलं तर काय?" एवढं विचारल्यानं अपमान होत असेल, तर होऊ दे! जो खरा आपला असेल, तो मुहूर्त टळू देईल, चष्मा शोधून देईल.

आता प्रसाद घ्या आणि घरी जा. पण जाताना गल्लीत 'घर विकणे आहे' अशी पाटी दिसली, तर तशाच पुढं जाऊ नका. दार वाजवा. आत कुणी एकटी असेल, कडेवर पोर असेल. तिला विचारा, "बाई गं, कागद वाचलास का?" नाही म्हणाली तर पोराला तुम्ही घ्या, आणि तिला वाचू द्या.