मधोमधचा खांब

लाकडी पूल पाडायला घेतल्यापासून पलीकडे जायला होडीच होती. धक्क्यावरच्या बाकावर शिंप्याला पेंग येत होती. पाठीमागे दोन म्हाताऱ्या बहिणी बोलत होत्या.

“ताई, क्रेनने आणखी एक खांब उपटला बघ.”

“काठाचा ना? तो तुझा.”

“बाबांनी माझं नाव घेऊन ठोकलेला?”

“तेव्हा सगळेच पोराबाळांची नावं घेऊन ठोकायचे. म्हणजे खांब हलत नाही म्हणे.”

“माझा कुजलाच असेल. माझे गुडघे बघ ना!”

“वरचाच कुजतो गं, पाणी वरखाली होतं तिथला. खाली चिखलात वारा लागत नाही, तिथलं लाकूड आहे तस्संच राहतं. मुकादम म्हणाला, अजून ताजा वास येतो.”

“ताई, आणि छकुलीचा?”

“तो मधोमध. ती गेली, तरी बाबांनी तिच्याच नावाने ठोकला.”

“तोही उपटणार?”

“मुकादमाच्या हातापाया पडून आलेय. तो वरून कापतील, चिखलातला राहू देतील.”

“म्हणजे आपण गेलो तरी छकुली राहील?”

“राहील की.”

“एवढीशीच?”

“एवढीशीच. चल, होडी लागली. आणि मधोमध आलो की जरा हळू बोल. निजली असेल.”

होडी मधोमध आली. शिंप्याला केव्हाची खोकल्याची उबळ येत होती. त्याने तोंडावर रुमाल घट्ट दाबून धरला.