उकंडखेडचा उकंड कोणाचा

सभेचे अध्यक्ष आणि माझे तीर्थरूप श्री. उकंडराव पाटील, आज आपण ज्यांना निरोप देत आहोत ते उत्तमराव मास्तर, व्यासपीठावरची वडीलधारी मंडळी, आणि पलीकडे बसलेल्या माताभगिनींनो,

गेल्या सोमवारी वेशीवर अंबूबाईंनी भरलेली घागर खाली ठेवली आणि त्या मागे सरल्या. त्या क्षणापासून मी पूर्वीचा इंद्रभान राहिलो नाही. मला इथे मास्तरांच्या गुणांवर बोलायला उभं केलं आहे. बोलतो. पण आधी ती घागर.

लोणारच्या धारेखाली न्हाऊन माहूरगडाला पायी निघालेले यात्रेकरू आपल्या उकंडखेडावरून जातात. ज्या उकंडाच्या नावावरून गावाचं नाव पडलं, त्याच्या घरच्या बाईने त्यांच्या पायांवर पहिली घागर ओतायची, हा आपला रिवाज. पण हा उकंड कोण? माळ्यांचं म्हणणं, यात्रेकरूंसाठी विहीर खोदणारा त्यांचा पूर्वज. आमच्या घरचं म्हणणं, घोड्यावरून आलेला आमचा पूर्वज पाटील; बाबांना नाव त्याचंच. भांडण जुनंच, तरी पाणी माळ्यांच्या अंबूबाईच ओतत आल्या. आम्ही नुसते पारावर मिशा पिळत बसायचो. हसू नका, मीही पिळल्या आहेत.

यंदा वडिलांनी पंचांपुढे सांगितलं, "माहा पोरगा अमरावतीले कॉलेजात हाये. त्यानं पुस्तकात वाचलं. उकंड आमचाच."

पंचांत मास्तर होते. ते हळूच म्हणाले, "पाटील, ते पुस्तक पाहाले भेटन का?"

"तुमी काय माह्या पोराची परीक्षा घेता?"

मी तिथेच खांबाला टेकून उभा होतो. असं पुस्तक मी वाचलेलं नाही. आणि कॉलेज तर मी दिवाळीतच सोडलं. घरचे सांगतात, ताप येतो म्हणून सुटीवर आलाय. ताप नव्हता. जीव इथे अडकला होता, आणि कुठे अडकला ते या सभेत सांगण्याचा मला अधिकार नाही. एरवी शब्दाला शब्द लागला की बाह्या सरसावणारा मी, त्या दिवशी गप्प राहिलो. बोललो असतो तर कॉलेज सुटल्याचं उघडं पडलं असतं, आणि अर्धवट शिकलेल्याला मुलगी कोण देतो?

घागरीचा मान आमच्या घरी आला. मास्तरांची बदली साखरखेर्ड्याला झाली. ती कोणाच्या शब्दाने झाली हे इथे सगळ्यांना माहीत आहे, आणि तरी आपण हार आणलेत.

सोमवारी अंबूबाई सवयीने घागर घेऊन आल्या. त्यांना बाजूला केलं आणि आमच्या काकूंनी पाणी ओतलं. यात्रेकरूंतल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "काऊन वं माय, औंदा दूर उभी?"

"पुस्तकात माह्यं नाव नाही निंघालं, बाप्पा," त्या म्हणाल्या.

आसपासचे हसले. मास्तरांच्या घरचं एक माणूस माझ्याजवळून जाताना थांबलं. "कोणतं पुस्तक हो, इंद्रभानजी?" एवढंच. आदल्या दिवसापर्यंत त्या तोंडून मला नुसतं इंद्रभान ऐकू यायचं. त्या 'जी'ने मी जितका लाजलो, तितका वडिलांच्या वेताच्या छडीने कधी लाजलो नव्हतो.

तर अध्यक्ष महाराज, पुस्तक नाही. उकंड पाटील होता की माळी, मला ठाऊक नाही. बाबा, तुम्ही "खाली बस बे" म्हणताय ते ऐकू येतंय. बसत नाही. घागर ज्यांची होती त्यांना परत द्या, एवढं पंचांपुढे मागतो.

मास्तर, तुमच्या गुणांवर काय बोलू? पुस्तक दाखवा म्हणणारा माणूस गावात एकच होता, आणि तो उद्या गाडीत बसून चालला. तुमच्याकडे मला एक मागणं घालायचं होतं. ते आता घालत नाही.

आपण इतका वेळ ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर लेकरू समजून पदरात घ्या. अंबूबाई सभेला आलेल्या नाहीत. हेच त्यांच्या दारात जाऊन सांगायचं आहे, म्हणून हार घालायला थांबत नाही. वारा सुटलाय, तुमची बत्ती विझायची. जाताना दार लावून घेतो.