गाडीच्या मेंदूला कुलूप

…तसं न्हाई दादा, घरात साखर हाय. तुमच्या कपात दोन चमचे घातलीय. माझ्याच कपात न्हाई, कारण मी नवस बोललेली हाय. प्या तुमी, निवांत प्या. माझ्या अभिमन्यूला यायला अजून वेळ लागंल — ते भारीतलं पेट्रोल सिरसाळ्यात भेटत न्हाई म्हणं, म्हणून मोटरसायकलला कॅन बांधून परळीला गेलाय. कसला नवस? नातीचा. रस्त्याच्या कडंला, उसाच्या फडाजवळ जन्मली ती, आणि रडंना. निळसर पडलेली, माझ्या पदरात. फडातल्या बाया लुगडी धरून आडोसा करून उभ्या. मी म्हणलं, आई योगेश्वरी, एकदा रडू दे हिला; ही तिच्या पायानं माझ्या अंगणात चालंस्तवर मी गोड तोंडात घालणार न्हाई. आणि रडली की वो! अशी रडली की त्या बाया हसाय लागल्या. तवापसून सणाला पुरण शिजवते, वाढते, बोटाला लागलं तर पाण्यानं धुते. त्याचं काय वाटत न्हाई. वाटतं ते ह्या गाडीचं — शिसारी येती मला हिची. गाड्यांचे मेंदू, ते आतले कंपूटर, जुळवायच्या तुमच्या धंद्याला नावं ठेवत न्हाई, दादा, पण अंगणातून जाताना मी हिच्याकडं बघत सुदीक न्हाई.

रस्त्याच्या कडंला कावून? हिच्यामुळंच. स्वप्नाली, माझी सून, दिवस भरलेली. दुपारी कळा सुरू झाल्या, अंबाजोगाईला दवाखान्यात न्यायला निघालो — ती मागं, मी तिच्या शेजारी, अभिमन्यू पुढं. ह्या गाडीत तवा ती डबी बसवलेली. सुग्रीवनं, त्याच्या दोस्तानं, आमच्याच गोठ्यात बसून बसवली, म्हशी बघत व्हत्या. तुमाला ठाव हाय कसली ती — हवेचा दाब मोजणाऱ्या वायरीत मधीच घुसून बसती, आणि दाब कितीबी चढला तरी गाडीच्या मेंदूला सांगती, कमी हाय, अजून दे. कमी हाय, अजून दे! माणसं खोटं बोलतेत ती बोलतेत, मुक्या यंत्राला कावून शिकवता बे? — अगं बाई, माफ करा, पोरांचं ऐकून ऐकून माझ्याबी तोंडात ‘बे’ बसलंय. तर वर त्यो थोरला टर्बो, शिट्टी मारत हवा कोंबणारा, आणि आत ही खोटारडी. चढाला लागलो, फाट् फाट् झालं, गाडी लंगडली, मागं निळा धूर, आणि बंद. पिस्टन वितळला म्हणं. लोखंड वितळलं म्हणं दादा, आणि आत माझी सून बसलेली.

अभिमन्यू? त्यो काय करणार… त्यो बोनेट उघडून. आता निघालंच तोंडातून तर सांगते. बायको बांधावर आडवी, मी हाका मारतेय, ‘अभ्या, पाणी आण रं,’ आणि ह्याच्या कानाला फोन, त्या सुग्रीवला — ‘भावा, हवेचा बूस्ट किती ठेवला व्हता बे?’ स्वप्नालीनं ऐकलं ते. तिनं कळ सोसली, पण ते वाक्य न्हाई सोसलं. हे तुमाला सांगायचं नव्हतं मला. त्यो आला की तोंडावर दाखवू नका. वाईट न्हाई माझा पोरगा — लेकरू रडलं तवा ह्योबी रडला, इंजिनाला टेकून रडला. पण टेकला तोबी इंजिनालाच!

ती दवाखान्यातून सरळ माहेरी गेली, युसूफ वडगावला. वरीस होत आलं. पोर आता धरून उभी ऱ्हाती, एक-दोन पावलं टाकती — मी फोनमधी बघते. माझं अंगण रिकामं. त्यानं दहादा माफी मागितली, मी पदर पसरला, तवा कुठं परवा म्हणली, ‘आत्या, येते. पण ती फटफट गल्लीच्या तोंडाला ऐकू आली तर दार लावून घेईन, आणि मग पुन्यांदा उघडायचं न्हाई.’ उद्या जायचंय आणायला. दुसरी गाडी करू म्हणलं, तर ह्यो म्हणतो, ‘ह्याच गाडीत आणणार, आई, हिच्यावरचा डाग धुवायचाय.’ डाग गाडीवर हाय व्हय रं!

इंजिन तर नवं भरून आणलंय, आणि काल इथं ओट्यावर पंचायत बसली, आता आत मेंदू कसला ठिवायचा. सुग्रीव म्हणतो, तसलीच डबी टाकू, नवी आलीय. मी आतून म्हणलं, ती डबी घरात आली तर चुलीत घालीन. मला वाटायचं कंपनीनं दिलेलाच मेंदू ठिवावा, त्यालाच नीट शिकवावं. पण तुमी फोनवर सांगितलं की एवढ्या थोरल्या टर्बोची हवा त्याला मोजताच येत न्हाई, त्यो अंदाजानंच चालंल. म्हणलं बरं, ह्यांना कळतंय. नवा मेंदू तर नवा. त्यो म्हणं खरं ऐकतो — इंजिन आत ठोकाय लागलं की हात आखडतो, तेलाचा दाब पडला की गाडी बंद करतो. ते ऐकून जीव भांड्यात पडला माझा. सकाळी तुमी आणलेला त्यो डबा देवघरात ठिवून हळदीकुंकू लावलं — झाकणावरच हाय, असं बघू नका, पिनांना बोट न्हाई लावलं.

आणि माझा पोरगा लगेच तुमाला काय म्हणला? ‘ती राखण सगळी बंद ठेवा सर, मधीच पॉवर कापती. आणि आवाज पायजे. जाळ पायजे.’ पुढाऱ्याचा वाढदिवस हाय ना, चौकात गाड्या उभ्या करून फटाके काढायचेत. म्हणजे पेट्रोल इंजिनात न्हाई, मुद्दाम मागच्या नळीत जाळायचं, दादा! अन्न ताटात घेऊन उकिरड्यावर टाकावं तसं. परवा नुसती चालू करून बघितली तर नातीसाठी शिवलेली गोधडी वाळत व्हती, तिच्यावर काजळी. दोनदा धुतली, वास जाईना. ती गोधडी नाकाला लावली — त्या बांधावरचा वास, तोच. तोच!

म्हणून तुमाला एकटं गाठलंय. दाळ निवडत बसले व्हते तवा तुमचं ऐकलं मी, कुणाला तरी फोनवर म्हणत व्हता — पासवर्ड टाकून कुलूप घातलं की गिऱ्हाइकाला आत हात घालता येत न्हाई. तर घाला कुलूप. पळू द्या गाडी, त्याची हौस हाय, मी हौसेच्या आड येत न्हाई. पण राखण चालू ठिवा, जाळ-फटाके काढून टाका, आणि वरून कुलूप. मागंल त्यो. हातापाया पडंल, दोस्त आणंल, पुढाऱ्याचा फोन लावून देईल. न्हाई म्हणून सांगायचं. म्हणायचं, एवढंच चालतं हिला. न्हाई न्हाई, तसलं खोटं नका बोलू — म्हणायचं, मी शब्द दिलाय. आणि पासवर्ड मलाबी सांगू नका! आईचं काळीज हाय, त्यानं दोन येळा ताट सारलं की मी सांगून बसंन. माझा मलाच भरवसा न्हाई.

तुमी देव मानता का न्हाई, मला ठाव न्हाई. इचारतबी न्हाई. पण नवस म्हणजे काय लई अवघड न्हाई, दादा — आपल्या हातातली एक गोष्ट सोडायची, दुसऱ्यासाठी. मी गोड सोडलं. तुमी पासवर्ड सांगायचं सोडा. ती पोर माझ्या अंगणात चालत फिरंस्तवर तरी. देवघर हितून दिसतंय, तोंड तिकडं करा.

अभ्याची फटफटी वळली बघा बोळात. नवस मनातल्या मनात नका, तोंडानं बोला — मी ऐकते.