घड्याळात अडकलेली अक्षता

आता यंदाच्या दसऱ्याची गंमत ऐका. आमची लेक सारिका जुनी रेडिओ-घड्याळं दुरुस्त करते, ती आकड्यांची पानं खटकन पलटणारी. गोंडपिपरीच्या देवरावभाऊंनी वडिलांचं बंद पडलेलं घड्याळ आणून दिलं होतं. बाहेरच्या माणसाचं तिचं हे पहिलंच काम. दसऱ्याला ते न्यायला येणार होते आणि तिनं ते चालतं करून ठेवलं होतं.

सकाळी मी विळा पूजला, शिलाई मशीन पूजली, आणि कौतुकाच्या भरात त्या घड्याळावरही हळदीकुंकू वाहून मूठभर अक्षता टाकल्या. भाऊ आले, चहा झाला, पण मिनिटाचं पान काही हलेना.

"पोरी, हे तं पुन्हा बंद पडलं वं!"

मी मनातल्या मनात देवीला नवस बोलून मोकळी झाले. सारिकानं शांतपणे मागचं झाकण उघडलं, आत डोकावून पाहिलं आणि चिमट्यानं तांदळाचा एक दाणा बाहेर काढला. पान खटकन पलटलं. रेडिओही लागला.

भाऊ खो खो हसले. "बाई, दसऱ्याले हत्याराची पूजा करतेत. माह्या घड्याळाची काऊन केली?"

"चुकलंच भाऊ," मी म्हटलं. "सारिका, आण वं तुयी हत्यारं."

तिनं पेचकस आणि चिमटा पुढे केला. "टाक आता अक्षता, किती टाकाच्या तितक्या. यायले अडकाले पानं नाई."

मी विळा बाजूला सरकवला आणि तिची हत्यारं पाटावर मधोमध मांडली.