ड्रमरचे चार ठोके

अगं बायांनो, माझ्या सोमवारांवरून मला चिडवता ना? मग हे ऐका.

माझे सासरे साठच्या दशकात मुंबईत एका रॉक बँडमध्ये ड्रम वाजवायचे. इतर मुलं परदेशी गाण्यांची नक्कल करत, तेव्हा या चौघांनी स्वतः गाणी रचून वाजवली. त्यातले दोघं आधीच गेले. उरले बाबा आणि मुंबईतले गिटारवाले फ्रेडीकाका. बाबा इथे आखातात सलमानिया हॉस्पिटलला अॅडमिट झाल्यापासून रोज संध्याकाळी मी व्हिडिओ कॉल लावायचे. बाबांनी पलंगाच्या दांडीवर चार ठोके दिले, की तिकडे गिटार सुरू!

त्या सोमवारी दुपारी फ्रेडीकाका गेल्याचा फोन आला. आमचे हे म्हणाले, "बाबांना सांगू नकोस. नेट बंद आहे म्हण." पण व्रताच्या दिवशी मी खोटं बोलत नाही.

संध्याकाळी मी पोचले, तशी बाबांनी दांडीवर चार ठोके दिले. "लाव फोन."

मी फोन काढलाच नाही. मी हात जोडले आणि शंकराची आरतीच सुरू केली.

बाबांनी मला मध्येच थांबवलं. मग म्हणाले, "आज सोमवार ना तुझा?"

"हो, बाबा."

"म्हणजे खोटं बोलता येत नाही तुला. फ्रेडी खलास?"

मी नुसती मान डोलावली.

मग दांडीवर पुन्हा चार ठोके पडले.

"आता कुणासाठी, बाबा?"

"आरती पुरी कर. फ्रेडीला गाणं अर्धवट सोडलेलं खपत नाही."