वर केलेला हात

भागवत : हातपाय धुऊन घे आदी. पाचला सरपंच यायलेत शाल घेऊन. स्टँडवरचं फ्लेक्स बघितलंस का न्हाई?

दीपिका : बघितलं, आबा. एसटीतून उतरायच्या आदीच दिसलं. ‘समुद्रावर विजय! जिंतूर तालुक्याची वाघीण!’

भागवत : ते पप्पूचं डोकं. तुझ्या काकाचं पोरगं, कवाच कामाला येत न्हाई, पण तुमच्या ग्रुपवरचा फोटू बरोबर हेरला त्यानं. एवढाल्या लाटा, मधी तुझी होडी, आन एक हात वर! तमाम गाव फ्लेक्सखाली तसाच हात वर करून फोटू काढायलंय.

दीपिका : सगळे?

भागवत : सरपंचबी.

दीपिका : आबा, मी जिंकले न्हाई.

भागवत : दुसरी आली आसशील.

दीपिका : नंबरच न्हाई. शर्यत पुरी केली न्हाई मी. फोनवर तेच सांगायले होते, तर तुमी फोन सरपंचाकडं दिला.

भागवत : मग हात कशापायी वर केलास?

दीपिका : बुडायले होते म्हणून. एक वल्हं हातातून गेलं, बोटीत पाणी भरलं. आसा हात वर केला की वाचवायची बोट येती.

भागवत : पण तू हासायलीस की फोटूत!

दीपिका : दात दिसायलेत, आबा. ओरडायले होते मी.

(भागवत बाजेवर बसतो.)

भागवत : येलदरीच्या धरणात तर तू या काठाची त्या काठाला जायचीस.

दीपिका : धरणाचं पाणी आपल्या आंगणावाणी हाय. समुद्र सरळ बसूच देत न्हाई. त्यात वल्हवताना आपलं तोंड मागं. लाट पाठीवर यायची, दिसायची न्हाई. दिसायचा तो किनारा, लांब लांब जाताना. लय भ्याले मी.

भागवत : तो फॉर्म आण.

दीपिका : कोणता?

भागवत : पुढल्या शिबिराचा. दोन वर्षं न्हाई म्हणत होतो, काल त्या फोटूवर भाळून सही केली. आण म्हणतो ना!

दीपिका : फाडायचा तर फाडा. मला परत जायचंय, आबा. पण खोटी शाल घेऊन जायचं न्हाई. चूप बसले आसते तर तुमाला कळलंबी नसतं.

बायनाबाई : (देवापासून उठून येत) भागवत, त्या कागदाला हात लावू नको.

भागवत : माय, तू मधी पडू नको. कालपास्नं जेवली न्हाईस तू. गाव पेढे खायलंय, आन तू फोटू बघून देवापाशी जाऊन बसलीस. नातीचं कौतुक न्हाई तुला.

बायनाबाई : बघताक्षणी कळालं मला, म्हणून बसले. तुझा बाप पूर्णेच्या पुरात मेंढरामागं उतरला होता. मधी गेला आन आसाच हात वर केला. काठावरचे गडी हात हालवून रामराम घालायले. म्हणले, सटवाजीची काय हिंमत हाय! मीच तेवढी लुगड्यासकट पाण्यात पडले. केसाला धरून काढला त्याला.

भागवत : हे तू कदीच सांगितलं न्हाई.

बायनाबाई : त्यानं सांगू दिलं न्हाई. मरस्तोवर पट्टीचा पवणारा म्हणून मिरवला. ही पोरगी तुझ्या बापापरीस बरी. खरं बोलली.

भागवत : आन सरपंच आल्यावर काय सांगू? शाल परत न्या म्हणू?

दीपिका : मी सांगते. तुमी नुसतं माझ्याजवळ उभं ऱ्हा.

भागवत : माय, जाऊ देऊ म्हणतीस हिला? फिरून त्याच पाण्यात?

बायनाबाई : जाऊ दे. पण पोरी, या बारीला मला संगं ने. काठावर हात वळखणारं एक माणूस पायजे.